हळदीचा अंगठा

जेवणानंतर दुकानाचं शटर अर्धं ओढून भालचंद्र तारळेकर खुर्चीतच मान मागं टेकवतात. कऱ्हाडात तीस वर्षं चष्मे करणारा माणूस, पण आज त्यांचं मन थाऱ्यावर नाही. सकाळी दाढी करताना डाव्या डोळ्यापुढं काळा पडदा उतरला आणि पाचेक मिनिटांनी आपोआप वर गेला. घरात त्यांनी ब्रही काढलेला नाही. डोळा लागतो न लागतो तोच समोरच्या स्टुलावर इंदूताई दिसते. त्यांची थोरली बहीण, जाऊन आठ महिने झाले.

"भालू, पुसून दे रे," ती चष्मा पुढं करते. डाव्या काचेवर हळदीचा अंगठा. जन्मभर मसाले केले तिनं, चष्मा कधी स्वच्छ म्हणून नसायचा.

ते पुसू लागतात. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं एकेक करून विझतात. मिरच्यांचा खाट उठतो. दोघं तिच्या मसाल्याच्या खोलीत बसलेली आहेत.

"त्या दिवशी मी काय सांगितलं होतं तुला?"

"डाव्या डोळ्यापुढं पडदा येतो. उजवा झाकला की सगळा अंधार."

"मग तू काय केलंस?"

भालचंद्रांना मान वर करवत नाही. "हळदीचे डाग आहेत म्हणालो. पुसून दिला."

नेमका तेवढ्यात तिचा पडदा आपोआप सरकला होता. केवढी खूश झाली होती ताई. गल्लीभर भावाचं कौतुक सांगत फिरली, आणि बाराव्या दिवशी तिला अर्धांगाचा झटका आला.

मिरच्यांचा वास जाऊन आता फिनेलचा येतो. ती खाटेवर आहे, ते उशाशी उभे.

"डॉक्टरांनी तुला विचारलं, आधी डोळ्याची काही तक्रार होती का. मानेतल्या शिरेतली गुठळी आधी डोळ्यात जाते, मग मेंदूत, म्हणाले."

"मी नाही म्हणून सांगितलं." त्यांचे कान लाजेनं तापतात. "चष्मेवाल्याला एवढं कळलं नाही, असं हसू झालं असतं गं माझं."

ताई रागावत नाही. तेच त्यांना सोसवत नाही. ती दोन बोटं त्यांच्या मानेवर टेकवते.

"आणि आता स्वतःचा पडदा कुणापासून लपवतोयस?"

जाग येते. नाकावरच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर पिवळा अंगठा उमटलेला आहे. सवयीनं त्यांचा हात फडक्याकडे जातो. मग ते फडकं खणात टाकतात आणि मुलीला फोन लावतात.

"स्वरूपा, मला आत्ताच दवाखान्यात ने. माझ्या डोळ्यापुढं पडदा आला होता. आणि ऐक. तुझ्या आत्यानंही मला हेच सांगितलं होतं."