दुसरी चपराक

पहिली चपराक पोरानं मारली. दुसरी त्याच्या बापानं. एकाच मिनिटात, एकाच गालावर.

पोरगा बावीस-तेवीसचा, हिंगणघाटातल्या एका बड्या कापड दुकानदाराचा. तीन दिवस त्याला झोप नव्हती, कानात माणसं बोलत होती. इंजेक्शनसाठी मी दंड धरला आणि त्याचा हात सुटला. माझा ओठ फुटला. त्याचं मला काही वाटलं नाही. मनोरुग्णांच्या वॉर्डात मी सहा वर्षं कंत्राटी नर्स होते. चावे, लाथा, बुक्क्या, सगळं खाल्लेलं. तो राग आजाराचा असतो.

बाप मात्र ठणठणीत होता. त्यानं माझ्या छातीवरचं कार्ड उचललं, आडनाव सावकाश वाचलं आणि मग हात उचलला.

"गोंडाची पोरगी माह्या पोराले हात लावून राह्यली?"

कानात शिट्टी वाजली. वॉर्डबॉय भिंतीकडे बघत राहिला. खरं सांगते, हातातली सुई त्या माणसाच्या मानेत खुपसावीशी वाटली. पण ती सुई पोरासाठी होती. त्याला टोचली, कापूस दाबला आणि बाहेर आले.

लहानपणी अल्लीपूरच्या शाळेत माझ्या तोंडून गोंडी शब्द निघाला की बाई पट्टी मारायच्या. मी आपणहून हात पुढे करायचे. ती सवय अंगात मुरली होती. इन्चार्ज सिस्टरनं वॉर्डाच्या दारातल्या टेबलाशी बोलावलं तेव्हाही मी मुकाट्यानं गेले.

वॉर्डात कुणी कुणाला मारलं याचं एक रजिस्टर असतं. सिस्टरनं आधीच लिहून ठेवलं होतं: रुग्णाने परिचारिकेस दोन वेळा मारले. फक्त माझी सही बाकी. तिचा आवाज मऊ होता.

"कर न सही, बाई. पुढच्या महिन्यात तुहं कंत्राट संपते."

दोनदा मारलं की रुग्णाला दिवसभर बांधायचं, असा आमच्याकडचा नियम. मी वॉर्डात वळून पाहिलं. वॉर्डबॉय पट्टे आवळत होता. बाप शेजारी खुर्चीत बसून बघत होता. त्याच्याच चपराकीपायी पोराला बांधत होते, ते बघत होता.

"म्या एकच मारली, ताई," पोरगा म्हणाला. "दुसरी बाबानं मारली. मले दिसलं."

"पागलाचं काय आयकता," बाप म्हणाला.

माझं डोकं फिरलं. खरं बोलणारा तेवढा एक, आणि तोच खाटेला बांधलेला. माझ्या सहीनं ते पक्कं होणार होतं.

मी सिस्टरची ओळ खोडली. खाली लिहिलं: पहिली चपराक रुग्णाची, आजारात. दुसरी वडिलांची, शुद्धीत, जात काढून. सही केली, पानाचा फोटो काढला आणि जाऊन पट्टे सोडायला लागले. बाप उठला. हात पुन्हा वर गेला.

रुग्णाला दुखणार नाही अशी पकड आम्हाला शिकवतात. बापाचं मनगट मी तशा पकडीनं धरलं नाही. तो कळवळून खाली बसला. पोरगा टक लावून पाहत होता. बाकीचे पट्टे मी बापासमोरच सोडले.

कंत्राट गेलं. मी पोलिसांत फिर्याद दिली. माघार घे म्हणून दोनदा माणसं घरी आली. त्यांना मी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. दर तारखेला वर्ध्याला कोर्टात जाते, त्या बापाच्या समोर बसते.

उद्या दुसऱ्या कुठल्या इस्पितळाच्या वॉर्डात काम लागेल. तिथं आजारी माणसानं मारलं तर ओठ पुसून त्याला गोळी देईन. शहाण्यानं हात उचलला तर तो हात मोडीन, आणि मीच मोडला असं रजिस्टरात लिहून खाली सही करीन.