देवनळ कापणाऱ्या मावशी

"कचरा म्हंतुयास व्हय रं? तुझा पाळणा असाच कुनी उचलून फेकला असता तर?"

तळ्याकाठी मावशी पोकलेनच्या ड्रायव्हरला विचारत होत्या. मी ग्रामपंचायतीत संगणकावर काम करते. कामाचे फोटो काढायला गेले होते. आमच्या पलूसकडे अशा बाईला तोंडाळ म्हणतात. तुमच्याही गावात एखादी असेल.

मावशी देवनळ कापायच्या. पुरुषभर उंचीचं हे गवत पाण्यात उभं असतं, त्याने गोठे शाकारतात. विळा लावण्याआधी त्या काठीने पाण्यावर तीनदा मारायच्या आणि थांबायच्या. पाखरू उडालं, की तिथली पाच-सहा ताटं शेंड्याशी गाठ मारून बांधायच्या. त्या गाठीभोवती विळा चालवायचा नाही.

"पण घरटं दिसलं का?" मी एकदा विचारलं.

"दिसाय कशाला पायजे? आई उठली म्हंजी लेकरू हाय."

त्यांनीच मला जांभळी पाणकोंबडी दाखवली, मागे काळी पिल्लं. तुऱ्यांवर मुनिया, बुडख्यांत माशांची पोरं.

"तुमच्या इंग्लिश साळंत ह्या गवताला काय म्हंत्यात?"

मला सांगता येईना. त्या इतक्या हसल्या, की सगळ्या मुनिया उडाल्या. "उडाली की समदी! आता तूच बांध गाठी!"

पुढे तळ्याच्या सुशोभीकरणाचा अर्ज इंग्रजीत भरायचा होता, म्हणून तो माझ्याकडे आला. काठावर काय उगवतं, या रकान्यात सरपंचांनी सांगितलं तेच मी लिहिलं: निरुपयोगी गवत. मला सगळं माहीत होतं. तरी लिहिलं.

ड्रायव्हरने मावशींचं ऐकलं नाही. दोन तासांत गाठींसकट काठ ओरबाडला गेला. मावशी चिखलात गुडघाभर उतरून अंडी चाचपत राहिल्या. पाणकोंबडी ढिगाऱ्याभोवती ओरडत होती. मी फोटो काढले.

आता तिथे फरशी आहे, बाकडी आहेत आणि सिमेंटचा बगळा आहे. लोक त्याच्यासोबत सेल्फी काढतात. मावशी मलकापूरला लेकीकडे गेल्या, त्या परतल्याच नाहीत. जाताना त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा ग्रामसभेत पलीकडच्या काठाचा ठराव आला. तिथला देवनळ अजून उभा आहे. सरपंच म्हणाले, "अर्ज तयारच हाय. मागचाच परत पाठवायचा."

मी इतिवृत्त लिहीत होते. उभी राहिले.

"मागचा अर्ज मी लिहिला होता. त्यात खोटं लिहिलं होतं. तो परत जाणार नाही."