प्लगच्या टोपीतलं पाणी

माझे सासरे एसटीवर ड्रायव्हर होते. मी त्यांना मामा म्हणते. निवृत्तीनंतर त्यांचा वेळ जाईना. मी वसमतला अडत दुकानात कामाला लागले आणि जुनी स्कूटी घेतली, तेव्हा त्यांना हवं ते मिळालं. रोज सकाळी पाना घेऊन ते तिच्याजवळ बसलेले असत.

यंदा उन्हाळ्यात गाडी त्रास देऊ लागली. रस्त्यात झटके खायची, मध्येच बंद पडायची. एके दिवशी भर उन्हात ढकलत नेली, दुकानात उशिरा पोचल्याबद्दल बोलणी खाल्ली आणि संध्याकाळी तणतणतच घरी आले. मामा ओसरीवर शेजारच्या माणसांशी बोलत बसले होते. त्यांच्यादेखतच मी म्हणाले, "मामा, आता तुमी गाडीला हात लावू नका. चांगली गाडी खोलून खोलून तुमीच बिघडवली."

शेजारी खाली बघू लागले. मामा एवढंच म्हणाले, "बरं. न्हाई लावत."

पुढच्या सोमवारी गाडी सुरूच होईना. मामा समोर बाजेवर बसले होते, पण उठले नाहीत. त्यांना विचारायला मला तोंड नव्हतं. मोबाइलवर बघून मीच प्लग काढला. तो पेट्रोलनं ओला होता, म्हणजे पेट्रोल येत होतं. मग प्लग त्याच्या रबरी टोपीत खोचून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि किक मारली. ठिणगी पडेना. टोपी उलटी केली, तर आतून पाणी माझ्या तळहातावर सांडलं. आतलं पितळ हिरवं पडलं होतं.

पाणी कुठून आलं ते मला लगेच कळलं. दर रविवारी पाण्याच्या मोटारीचा पाइप लावून मीच गाडी धुवत होते, अगदी इंजिनाच्या फटीफटीतून.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. म्हणाल्या, "सोमवारी तू आंघोळीला गेलीस की ते टोपी काढून फडक्यानं पुसायचे. म्हणून तर चालू होत होती."

मी मामांकडे वळले. "मग मला सांगितलं काहून न्हाई?"

"हौसेनं धूत व्हतीस," ते म्हणाले. "एवढ्यासाठी काय टोकायचं लेकराला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "चुकलं माझं," मी म्हणाले, पण फार हळू, आणि तेव्हा ओसरीवर कुणी नव्हतं. बोलले होते ते चार माणसांत.

नवी टोपी आणून मीच बसवली. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. "बराबर बसली," म्हणत मामा चपला घालून बाहेर पडले. आता रोज सकाळी ते स्टँडवरच्या हॉटेलात जाऊन बसतात. मी कामाला गेल्यावर परत येतात, असं सासूबाई सांगतात.

मागच्या आठवड्यात मी त्याच शेजाऱ्यांना चहाला बोलावलं. सगळ्यांसमोर खरं काय ते सांगायचं ठरवलं होतं. "त्या दिवशी मी मामांना जे बोलले," एवढं म्हणाले, तोच मामांनी हळदीच्या भावाचा विषय काढला. शेजारीही त्यावर बोलू लागले. मला पुन्हा सुरुवात करता आली असती. मी कपबशा गोळा केल्या आणि आत गेले.