हौदावरची फिर्याद

भूत उतरवणाऱ्या एका पंचाक्षऱ्याने तांबटाला फसवले आणि सगळ्या आळीने मिळून एका विधवेला छळले. कोतवालीची चाकरी सोडून बरीच वर्षे झाली, तरी ते प्रकरण डोक्यातून जात नाही. नावे घेत नाही. ज्यांची आहेत ते ओळखतील.

मी प्याद्याचा जमादार झालो तो स्वतःच्या हिमतीवर. त्या सकाळी चावडीवर हजेरी चालू असताना पखालवाला धावत आला. "जमादार, चला लवकर! हौदावर बाईला दगडं मारत्यात."

तांबटाची तेरा वर्षांची मुलगी हौदाच्या काठावर उभी राहून ओरडली होती, की पाण्यात विष आहे आणि ते शेजारच्या विधवा काकूने घातले आहे. पंचाक्षऱ्याने लगेच काकूला चेटकीण ठरवले. मी काकूला चावडीवर पाठवले आणि सगळ्यांसमोर ओंजळभर पाणी प्यालो. मेलो नाही. तरी दुपारी अकरा घरांची फिर्याद आलीच: बाईला शहराबाहेर घालवा.

मी तांबटाच्या घरी जाऊन मुलीला दरडावले. चुकलो. खोटे बोलणारा माणूस दरडावल्यावर गोष्ट बदलतो. ही अक्षरही बदलेना. मध्येच थांबून भिंतीकडे कान देई.

"काय म्हणते काकू?"

"तुम्ही पगडी सारखी केलीत म्हणते. मी काय करते तेही सांगत असते. दिवसभर."

काकू त्या वेळी माझ्या चावडीवर बसलेली होती. मग मुलीच्या मनगटांवरचे ताजे भाजल्याचे व्रण दिसले. बाप खाली बघत म्हणाला, "पंचाक्षरी बुवा म्हणाले, डाग दिले की बोलणं थांबेल."

आई रडू लागली. "वर्षभर अशीच आहे हो. सागरगोटे सोडले, वेणी घालू देईना, एकटीच हसायची. आम्हाला वाटलं, वयात येतेय."

दुसऱ्या दिवशी मी पंचांना, बुवाला, काकूला आणि मुलीला चावडीवर बोलावले. बुवा म्हणाला, "चेटकिणीला भिंत काय आणि वेस काय? कुठूनही बोलते."

"मग सौदा करू," मी म्हणालो. "मी मुठीत काय धरतो ते काकू बघेल, मुलगी बघणार नाही. आवाज काकूचा असेल, तर तो सांगेल. सांगितलं तर बाई आजच वेशीबाहेर. नाही सांगितलं, तर फिर्याद तुम्ही स्वतः फाडायची."

"कबूल," बुवा म्हणाला. पंचांसमोर बोलून अडकला.

मुलीने तोंड फिरवले. मी काकूला सुपारी दाखवून मूठ मिटली. "विचार तिला, काय आहे?"

मुलगी बराच वेळ ऐकत राहिली. "सांगत नाही."

"चेटकीण मुद्दाम लपवतेय!" बुवा ओरडला.

"नाही," मुलगी हळूच म्हणाली. "तिला माहीतच नाही. मला माहीत नसतं ते तिला कधीच माहीत नसतं."

पंचांतला म्हातारा म्हणाला, "फाडा बुवा."

काकू उठली. "सुपारी तरी बरी आणायची होतीत, जमादार. किडकी आहे."

वैद्यांनी मुलीला तपासून सांगितले, "हा उन्माद. कोवळ्या वयातही होतो. आवाज तिला खराच ऐकू येतो, म्हणून तिला खोटारडी म्हणू नका. पण तिच्या होला होही करू नका. डाग नकोत, उपास नकोत. झोप हवी, शांतता हवी, जवळ माणूस हवं." आईने तिला तांब्याच्या ठोकाठोकीपासून लांब, आजोळी नेले. आवाज कमी झाला, गेला नाही. पुढे ती आईलाच विचारी, "हे तुलाही ऐकू आलं का?" आणि आईचे उत्तर मानी.

चाकरीत हजार जबान्या घेतल्या, पण या मुलीने शिकवले की सांगणारा खरा असतो आणि आरोप तरीही खोटा. वर्षभरात पोर बदलत जाते, तेव्हा घरच्यांनी आधी वैद्याचे दार गाठावे, मग शेजाऱ्याचे नाव घ्यावे.

फिर्याद फाटली, मनगटांवरचे डाग राहिले. त्या डागांबद्दल बुवाला मी कोठडीत घातले होते. माझा वरिष्ठ म्हणाला, "देवाचा माणूस आहे, सोड." मी भांडलो, तरी तो सुटला, आणि त्यानंतर मी कधी वर चढलो नाही. तेही मी सोसले. पण त्या अकरा घरांतला एकही माणूस काकूच्या दारात अजून गेलेला नाही. त्यांनी जावे आणि तिच्या तोंडावर सांगावे, दगड का उचलले. आणि त्या मनगटांचा जाब बुवाने द्यावा, नाहीतर त्याला सोडणाऱ्याने. दोघेही जिवंत आहेत.