चमक निजवणारा हात

नरसप्पा मिस्त्रींना साठ वर्षे पूर्ण झाली म्हणून मीही चार शब्द लिहावेत, असा मंडळींचा आग्रह पडला. त्यांच्याविषयी माझ्याइतका विचार सोलापुरात दुसऱ्या कोणी केला नसेल. तो सगळाच प्रेमाने केला होता, असे मात्र मी म्हणणार नाही.

मुंबईहून पॉलिशचे काम शिकून मी शुक्रवार पेठेत दुकान थाटले, तेव्हा याच कामातले जुने कारागीर म्हणून मिस्त्रीच पहिल्यांदा पाहायला आले. लाखेचे बारा हात दिलेले कपाट मी दाखवले. त्यात माणसाला आपल्या मिशा दिसत. मिस्त्रींनी मान तिरकी करून उजेडात पाहिले आणि म्हणाले, "लई जागी हाय की वो चमक. निजवा जरा." मला भारी राग आला. चमक निजवायची असते, हे मुंबईत कोणी शिकवले नव्हते.

पुढे बार्शीच्या एका वकिलांचे मेज मी असेच आरशासारखे करून दिले. खिडकीचा उजेड उलटून डोळ्यांत जातो, कागद वाचता येत नाहीत, म्हणून आठवड्याने ते मेज परत आले. मी घाईने विटेची पूड घेऊन घासायला लागलो, तर एका कडेला खालचे लाकूडच उघडे पडले. आता बार्शीत आपले नाव बुडाले, असे वाटून मी हातपाय गाळून बसलो. मिस्त्रींना कळताच ते न बोलावता आले. कडेवर लाखेचे हात देऊन आठ दिवस मुरू दिले. मग वस्त्रगाळ पूड गोड्या तेलात कालवून, लाकडाच्या रेषेने, वजन न देता बोळा फिरवत राहिले. चमक गेली नाही, नुसती खाली बसली. वकील न्यायला आले तेव्हा मिस्त्रींनी त्यांना सांगितले, "काम भाऊरावांचंच हाय. मी नुसता हात फिरवला." वकिलांनी माझी पाठ थोपटली. मिस्त्रींनी मला चारचौघांत नावे ठेवली असती, तर मी सुखाने त्यांचा द्वेष केला असता. तीही सोय त्यांनी ठेवली नाही.

मी तापाने पडलो असताना माझ्या राहिलेल्या दारांचे कामही त्यांनीच पुरे केले. दारे इतकी सुरेख झाली होती, की बरे झाल्यावर मी त्या गल्लीने जाणे टाळले.

काम पुरे उतरले, आता बोट लावू नका, या अर्थी मिस्त्री दोनच शब्द बोलतात: "ऱ्हाऊ द्या." हे शब्द त्यांनी कालच्या पोरांनाही दिले आहेत. मला अजून एकदाही नाहीत. याचा मला हेवा वाटतो, आणि या वयात तो लपवण्यात अर्थ नाही.

त्यांना द्यायच्या मानपत्राची शिसवी पेटी मंडळींनी माझ्याकडेच सोपवली. तीन वेळा चमक चढवली, तीन वेळा निजवली. परवा मिस्त्री सहज दुकानात आले. पेटी कोणाची हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी ती दाराकडे तिरकी धरली. बराच वेळ पाहिले. शेवटी डाव्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून म्हणाले, "हितं जरा जागी हाय."

तो कोपरा मी तसाच ठेवला आहे. पेटी घरी गेल्यावर तो त्यांच्या डोळ्यांत रोज खुपेल, आणि ती काखेत मारून ते माझ्या दुकानात येतील, याची मला खात्री आहे. त्यांना उदंड आयुष्य लाभो, नजर अशीच तिखट राहो आणि अंगठा कधी थरथरू नये. ते दोन शब्द मला दुसऱ्या कोणाकडून नको आहेत.