मेहुणे सासरी निघाले

सासरी जायची एवढी हौस असलेला पुरुष मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच बायकोचा थोरला भाऊ निघाला. वसईजवळ गासला त्यांची वाडी आहे. केळी, थोडी भाजी, बांधाला मोगरा. पन्नाशीला टेकेपर्यंत या गृहस्थांनी लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नव्हता. कुणी स्थळ घेऊन आलंच, तर ते पाहुण्याला आधी वाडी दाखवायला नेत आणि एकेका केळीची जन्मकथा सांगायला लागत. ही कुठून आणली, हिला कधी कीड लागली, हिचा स्वभाव कसा हट्टी आहे. तासाभराने पाहुणा बाहेर येई तेव्हा आपण कशासाठी आलो होतो हे तो विसरलेला असे. हातात केळ्यांची फणी आणि चेहऱ्यावर सुटकेचा आनंद घेऊन तो थेट रिक्षात बसे. मी स्वतः लग्नानंतर पहिल्यांदा गासला गेलो तेव्हा मलाही ती वाडी दाखवण्यात आली. माझी बूटजोडी तिथल्या चिखलात कायमची राहिली.

त्यांचा दुसरा विशेष म्हणजे फोटो. फोटो काढून घेणं ही त्यांच्या लेखी अतिशय गंभीर बाब आहे. कॅमेरा दिसला की ते हात अंगाला चिकटवतात, श्वास रोखतात आणि शेजारच्या माणसापासून हातभर लांब सरकतात. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये ते माझ्या बाजूला असे उभे आहेत, की ऑफिसातल्या एकाने मला हळूच विचारलं होतं, "लग्नात पोलीस का आले होते रे?"

तर असे हे मेहुणे एकदा कॅनडाला गेले. धाकट्या मेहुणीच्या बाळंतपणासाठी सासूबाई निघाल्या होत्या, त्यांना सोबत म्हणून. बॅगेत स्वेटर कमी आणि सुकेळी जास्त. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच सुक्या पानात बांधलेला हा आमच्या वसईकडचा मेवा. मेहुणीच्या शेजारी मूळच्या नागपूरच्या एक बाई राहत होत्या. तिकडच्या एका वृद्धाश्रमाचं स्वयंपाकघर सांभाळायच्या, वय पंचेचाळीसच्या पुढे, एकट्या. सुकेळी हातात घेऊन त्यांनी सहज विचारलं, "हे कसं करतात हो?" झालं! मेहुणे तासभर बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच समोरचं माणूस उठून गेलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "काल कीड लागण्यापर्यंत आलो होतो."

दोन महिन्यांनी सासूबाईंचा आम्हाला फोन आला. "अगो, तुझ्या दादाचं लगीन झालं. हितंच, कचेरीत. पोरगी बरी हाय. त्याचं सगळं ऐकून घेते." आमची ही आधी किंचाळली, मग रडली आणि मग आम्ही राहतो त्या अख्ख्या बोळिंजमध्ये पेढे वाटून आली.

मेहुणे सासूबाईंना घेऊन परत आले, कारण वाडी होती, पुढची व्यवस्था लावायची होती. आता वहिनी त्यांना तिकडून स्पॉन्सर करणार होत्या. हा शब्द मेहुण्यांना आधीपासून ठाऊक होता, पण तो क्रिकेटचा. आमच्याकडे गावोगावी टेनिस बॉलचे सामने होतात आणि जो स्पॉन्सर, त्याचं नाव संघाच्या टी-शर्टवर छापतात. मेहुण्यांनी विचार केला, बायको एवढी स्पॉन्सर करते आहे आणि गावात तिचं नाव कुठेच नाही, हे बरं दिसत नाही. पुढच्या रविवारी गासचा संघ मैदानात उतरला तेव्हा अकराच्या अकरा जणांच्या पाठीवर ठळक अक्षरांत होतं: 'सौजन्य – सौ. वहिनी, कॅनडा'. मी त्यांना शब्दाचा खरा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "म्हंजे ती माझी जबाबदारी घेनार. मग तर नाव पायजेच!"

गावाने त्यांना चिडवायचं काही बाकी ठेवलं नाही. पारावर बसलेले विचारत, "काय, निघाले का घरजावई?" दुसरा कुणी असता तर तोंड लपवून फिरला असता. मेहुणे मात्र सायकल थांबवून, खाली उतरून उत्तर देत, "बाया जातात नं सासरला? त्यांना कोन हसत नाय. मग मना कशाला हसता?" शिवाय ते खरोखरीच तयारीला लागले होते. वहिनींच्या आवडीनिवडी आमच्या हिला सांगून ठेवत आणि सासरी गेल्यावर पहिल्या दिवशी काय रांधावं याचा सल्ला शेजारच्या काकूंना विचारत.

अर्जासाठी कागद जमवायचं काम माझ्याकडे होतं. सगळं सुरळीत चाललं असताना तिकडच्या कचेरीचं पत्र आलं, की हे लग्न खरं आहे याबद्दल आमची खात्री पटत नाही, तेव्हा दिल्लीला मुलाखतीला या. मी पाठवलेला पुरावा पुन्हा काढून पाहिला आणि कचेरीला दोष देण्याचा धीर मला होईना. लग्नाच्या फोटोत नवरानवरी एकाच बसथांब्यावर योगायोगाने उभी असल्यासारखी दिसत होती. मेसेज पाहिले तर वर्षभर, सकाळ-संध्याकाळ, एकच मजकूर. 'जेवलीस?' 'जेवले. तुम्ही?' 'जेवलो.' मध्ये एकदाच 'ताप आहे' असं होतं, त्याखाली 'मग पेज कर'.

"दादा, कधी तरी गोड काही लिहायचंस रे!" ही कळवळून म्हणाली.

"लिवलंय की," मेहुणे म्हणाले. "शिरा केला तवा."

आम्ही हसलो, पण ते हसले नाहीत. दिल्लीला जाईपर्यंतच्या दिवसांत त्यांनी कुणालाही वाडी दाखवली नाही. पन्नाशीत एकदाचं ऐकून घेणारं माणूस भेटलं, आणि एका कागदावरून ते कायमचं सातासमुद्रापार राहणार की काय, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. मला त्यांची विलक्षण माया वाटली.

दिल्लीला मी सोबत गेलो. मुलाखत आत, मी बाहेर. तासाभराने ते आले आणि काय झालं ते मला जिन्यातच सांगितलं. साहेबाने दुभाष्या बाईंकरवी विचारलं होतं, की नवराबायको वर्षभर फक्त जेवणाचंच बोलतात, प्रेमाचं एकही वाक्य नाही, हे कसं?

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगनार? म्हनलं, साहेब, ती दिवसभर शंभर म्हाताऱ्यांना वाढते आनि घरी एकटी येते. एकट्या मानसाचं पयलं काय सुटत असंल, तर जेवान. मी हितनं दुसरं काय करू शकतो?"

दुभाष्या बाई आधी पाणी प्यायल्या म्हणे, आणि मग त्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब ते लिहून घेत होता. तेव्हा मेहुण्यांनी घड्याळाकडे पाहून त्यालाच विचारलं, "दोन वाजून गेलं. तुमी जेवलात का?"

दोन-तीन आठवड्यांनी होकार आला. मग गासला जे झालं ते मी लग्नांतही पाहिलेलं नाही. निघायच्या दिवशी सकाळीच अंगण भरलं. काकूंनी त्यांच्या हातात नारळ दिला, कुणी तरी पदर डोळ्यांना लावायचं सोंग केलं, क्रिकेटवाल्यांनी 'लेक चालली सासरला' म्हणत ताशा वाजवला. मेहुण्यांनीही रुमाल डोक्यावर घेऊन, मान खाली घालून, मुरडत गाडीपर्यंत चालून दाखवलं. सासूबाईसुद्धा हसून हसून ओटीवर बसल्या. त्या विमानतळावर आल्या नाहीत. "हितनंच बरं," एवढंच म्हणाल्या.

विमानतळाच्या दारात मेहुण्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "भाऊजी, आईकडं बघा." मग ते आमच्या हिच्याकडे वळले.

"तुझ्या लग्नात गाडीत बसताना तू रडत होतीस, तवा मी तुझ्यावर वरडलो होतो. म्हनलं, बोळिंज काय परदेश हाय? सायकलवर येशील. आज कळलं गो. उंबरा वलांडला का बोळिंज नि कॅनडा सारखंच लांब."

हिने त्यांच्या शर्टाची कॉलर नीट केली. ते आत गेले, आणि आत गेल्यावर मागे वळून त्यांनी हात वर केला, तो आम्ही दिसेनासे होईपर्यंत खाली घेतला नाही.

येताना गाडी नालासोपाऱ्यापर्यंत आली. बोळिंजच्या वळणावर ही म्हणाली, "घरी नको. गासला घ्या."

सासूबाई अजून ओटीवरच होत्या. लेकीला दारात बघून त्यांनी नुसती बाजूला सरकून जागा केली, आणि माझी बायको, वीस वर्षांचा संसार झालेली बाई, तिथे त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून निजली.