वेवजीच्या अंगणात पकडलेला चोर

माझी मोटरसायकल चोरीला जाणं अशक्य आहे, हे मी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये इतक्या वेळा सांगितलं होतं, की एकदा तरी ती जावी असं सगळ्यांना मनापासून वाटू लागलं होतं.

डहाणू स्टेशनजवळून ओळखीतल्या एकाची गाडी गेली आणि मी लगेच माझ्या गाडीच्या सीटखाली जीपीएस बसवून घेतला. गाडी हलली की माझा फोन ओरडणार, नकाशावर निळा ठिपका पळणार, आणि (इथे मी थोडं थांबायचो) एक बटण दाबलं की गाडीचं इंजिनच बंद!

शाळा जवळ असल्याने गाडी मसोलीला घरीच असायची. एका शनिवारी मधल्या सुट्टीत फोन ओरडला. ठिपका निघाला होता तलासरीच्या दिशेने!

मी आधी शर्ट नीट खोचला. मग बायकोला फोन लावला.

"अगं, गाडी अंगणात आहे का?"

पलीकडे आधी भांडं पडल्याचा आवाज आला. मग, "अहो, जाऊ दे ना गाडी. जुनी तर आहे."

बिचारी घाबरली होती! मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पी.टी.च्या सावे सरांना त्यांच्या स्कूटरसकट आणि शिट्टीसकट उचललं, आणि आम्ही निघालो.

"सर, पोलिसांना कळवू या," सावे म्हणाले.

"त्यांना थेट चोरच देऊ. तुम्ही चालवा."

ठिपका तलासरी सोडून वेवजीकडे वळला. पुढे लगेच गुजरात! आता हयगय नाही. मी बटण दाबलं. ठिपका थांबला. मी मागच्या सीटवरून सावेंची पाठ थोपटली.

तेवढ्यात ठिपका पुन्हा हलला. अगदी हळू, माणसाच्या चालीने.

"ढकलतोय!" मी ओरडलो. "काय चिवट चोर आहे!"

ठिपका वेवजीतल्या एका घराशी जाऊन थांबला. आम्ही कोपऱ्यावर पोचल्यावर मी शेवटचं अस्त्र काढलं. अलार्म! एका अंगणातून माझी गाडी जी काय किंचाळली! सावेंनी जोरात शिट्टी फुंकली आणि "चोर! पकडा! हलू नका कोणी!" असं ओरडत मी फाटकातून आत घुसलो.

कोणीच हललं नाही. अंगणात मांडवाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीत माझा धाकटा भाऊ नितीन बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, घामाने निथळत. शेजारी आई. नव्या साडीत, कपाळावरचं कुंकू ओघळलेलं. गाडी ढकलून दोघांचीही दमछाक झाली होती. समोर एक गृहस्थ पोह्यांची बशी हातात धरून थिजले होते, आणि दारात एक मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

मुलगी बघायचा कार्यक्रम! आणि मला पत्ताच नाही! (मागच्या स्थळाच्या वेळी मी मुलीच्या वडिलांना त्यांच्या घराच्या बांधकामातल्या चुका दाखवल्या होत्या. त्यामुळे यंदा मला न कळवता जायचं, असं घरात एकमताने ठरलं होतं. बायकोसकट! पण चुका होत्या हो.)

"हे कोण?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, एवढ्यात आई उठली. जिने मला जन्म दिला ती माझी आई शांतपणे म्हणाली, "हे आमच्या शेजारचे. गाडी यांचीच आणलीय. सांगायचं राहिलं."

"आई—"

"बसा ना तुम्ही," आई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला 'तुम्ही' म्हटलं. "तापट आहेत थोडे, पण मनाने चांगले."

नितीन तर माझ्याकडे बघतही नव्हता. दारातल्या मुलीने ओठ घट्ट मिटून घेतले होते, पण ट्रेमधले कप खुळखुळ वाजत होते.

"आवो, बेसो," गृहस्थ म्हणाले. "पण आधी ते बंद करा."

मी अलार्म बंद केला आणि बसलो. सावेही बसले, आणि त्यांनी दोनदा पोहे घेतले. मी मात्र एक शब्द बोललो नाही. आणि काय सांगू, कार्यक्रम सुरेख झाला! नितीन नीट बोलला, मुलगी मोकळी हसली, तिने त्याला गाडी ढकलण्यावरून चिडवलंसुद्धा. निघताना गृहस्थांनी आईला बाजूला घेतलं.

"मुलगा आम्हाला पसंत आहे. मुलीचाही होकार दिसतोय. फक्त एक शंका आहे. शेजार असा असेल तर मुलीला त्रास नाही ना व्हायचा?"

आईने माझ्याकडे पाहिलं. नितीनने हात जोडायचेच बाकी ठेवले होते. शेवटी मीच पुढे झालो आणि छातीवर हात ठेवून म्हणालो, "काळजी करू नका. हा शेजारी लवकरच घर सोडून जाणार आहे."